पाणी हीच मराठवाड्याची खाण

१९५९ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. निर्यातीचा पैसा देशात आला, गिल्डर हे चलन वधारले आणि तेथील कारखान्यांचा माल परदेशी बाजारात महाग ठरू लागला. एका संपत्तीने इतर उद्योगांची मुळे सैल केली. अर्थशास्त्रज्ञ यास 'डच व्याधी' म्हणतात.

लातूर-नांदेडात ना तेल ना वायू. मग आपला याच्याशी काय संबंध? आमच्या मते तो निकटचा आहे. मांजरा, गोदावरी आणि भूगर्भातील पाणी हीच आपली नैसर्गिक संपत्ती होय. येथे चलनाचा प्रश्न नाही. परंतु एका लाभदायक वापराने जमीन, पाणी व कर्ज स्वतःकडे ओढून घ्यावे, ही गती तीच आहे.

उसाला केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर ठरवते आणि साखर कारखाना हे हक्काचे गिऱ्हाईक असते. तुरीचे तसे नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. २०१७ मध्ये विक्रमी पिकानंतर तुरीचा भाव हमीभावाखाली घसरला. म्हणून ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष धोरणाचा आहे.

त्याची किंमत मात्र सर्वांनी मोजली. अवर्षणाने मांजरा धरण आटले, तेव्हा उपशाने खालावलेल्या भूजलाचा आधारही उरला नव्हता. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर! डाळ गिरण्या, बाजारपेठ, शिकवणीसाठी आलेले विद्यार्थी, रोजंदारीवरील मजूर, या सर्वांचा संसार त्याच पाण्यावर चालतो.

नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाच्या उत्पन्नासाठी राखीव निधी उभारला. गोव्यातील लोहखनिजासाठी कायमस्वरूपी निधी स्थापण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. भूजल हा आपला असाच निधी आहे. पावसाचे व्याज वापरावे, मुद्दल राखावे. खोल विंधन विहिरींवर निर्बंध घालणारा महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा आहे. त्याची अंमलबजावणी आणि डाळी-तेलबियांची खात्रीची खरेदी या दोन गोष्टी एकत्र व्हाव्यात. केवळ निर्बंध लादल्यास शेतकरी भरडला जाईल. केवळ हमी दिल्यास उपसा थांबणार नाही. आपापल्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा आग्रह आपण धरावा, असे आम्हांस वाटते.