महाडचें भाषण आणि फ्रान्सचा दाखला

सभेंत इतिहासाचे दाखले देणाऱ्या वक्त्यांची आपल्याकडे वाण नाहीं. पानिपत व रायगड यांचें नांव घेतल्यावांचून आमची सभा उठतच नाहीं, मग विषय नळपट्टीचा कां असेना! अशा दाखल्यांनीं टाळ्या पडतात. हक्क तसूभरही पुढें सरकत नाहीं. इतिहास नजिरीप्रमाणें वापरला म्हणजे काय होतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें डॉ. आंबेडकरांचें २५ डिसेंबर १९२७ चें महाड येथील भाषण वाचावें.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलानें १९२३ सालींच केला होता. महाडच्या म्युनिसिपालिटीनेंही पुढील सालीं चवदार तळें खुलें केलें. तरी २० मार्च १९२७ रोजीं तेथें पाणी प्यालेल्या मंडळींस मार खावा लागला, आणि डिसेंबरांत सत्याग्रहाची वेळ येतांच, तळें खाजगी आहे अशा दाव्यावरून दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम निघाला. आम्ही स्वतः वकील आहों, म्हणून कबूल करतों कीं, त्या दाव्यांत वाद मालकीचा व वहिवाटीचा. मनुष्यत्वाचा मुद्दा त्यांत बसत नव्हता.

तो मुद्दा भाषणानें काढला. या सभेस जोड शोधावयाची तर ५ मे १७८९ रोजीं व्हर्साय येथें भरलेल्या फ्रेंच लोकप्रतिनिधींच्या सभेचीच, असें अध्यक्षांनीं सांगितलें. कोंकणच्या मंडपांतील शेतकऱ्यामजुरांस व्हर्सायचें काय होय, असा आक्षेप कोणी घेईल. पण वक्त्यानें नुसतें नांव घेऊन विद्वत्ता मिरविली नाहीं. त्या सभेचा वृत्तान्त व तिचीं तत्त्वें उलगडून सांगितलीं. व्हर्सायास जमलेले प्रतिनिधी राजाच्या बोलावण्यावरून आले होते; दीड महिन्याच्या आंत त्यांतील सामान्य जनांच्या प्रतिनिधींनीं स्वतःस राष्ट्रसभा म्हणविलें. हा दाखला ऐकणारा महाडचा श्रोता ओंजळभर पाण्याचा याचक राहिला नाहीं. समाजाची घटना नव्यानें मांडण्याचा अधिकारी झाला. त्याच परिषदेनें मनुष्यमात्राच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, तो कांहीं योगायोग नव्हे.

फ्रान्सांत पुढें रक्ताचे पाट वाहिले, सबब ही नजीर घातक, असें म्हणणाऱ्यांनीं महाडास पुढें काय झालें तें पाहावें. हजारों लोक तयारीनें आले असतां मनाईहुकुमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला.

दाव्याचा शेवट हायकोर्टांत १९३७ सालीं अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. बहिष्काराची वहिवाट अनादि असल्याचें वादींस शाबीत करतां आलें नाहीं, हें त्याचें कारण.