आधी कारण, मग गोळी

वृद्धाश्रमातली सकाळची सर्वांत अवघड वेळ म्हणजे आंघोळीची. डिमेन्शिया झालेल्या आजींना मावशी घाईघाईने मोरीकडे नेऊ लागतात, तशा आजी ओरडतात, बोचकारतात. नोंदवहीत शेरा पडतो : ‘फार त्रास देतात.’ डॉक्टर आले की गुंगीची गोळी सुरू होते.

या गोळीची किंमत ब्रिटनने मोजली आहे. प्रा. सुबे बॅनर्जी यांच्या २००९च्या अहवालानुसार तिथे डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना अशी मनोविकारावरची औषधे दिली जात होती. फायदा सुमारे ३६,००० जणांनाच होता. औषधांपायी वर्षाला अंदाजे १,८०० जादा मृत्यू होत होते.

बोचकारणाऱ्या आजींचा गुडघा दुखत असेल तर? नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांत ३५२ जणांच्या अभ्यासात नेमके हेच तपासले गेले. पद्धतशीर वेदनाशमन केल्यावर आठ आठवड्यांत अस्वस्थता १७ टक्क्यांनी घटली. बहुतेकांना दिले होते ते साधे पॅरासिटामॉल.

मावशींना शिकवायचे ते हेच : आधी कारण शोधायचे. आधी काय घडले, आजींनी काय केले, पुढे काय झाले, हे तीन रकान्यांत लिहायचे. वागणे एक-दोन दिवसांत अचानक बदलले, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नवे औषध यांची शंका घ्यायची. समोरून यायचे, नावाने हाक मारायची, अंगावर टॉवेल ठेवून कोमट पाणी घालायचे. आजी नाहीच म्हणाल्या, तर थोड्या वेळाने पुन्हा यायचे. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणून त्या दाराशी उभ्या राहिल्या, तर वाद न घालता घराबद्दल विचारायचे.

एका दिवसाच्या व्याख्यानाने हे अंगवळणी पडत नाही. ब्रिटनमधल्या ६९ शुश्रूषागृहांत नऊ महिने प्रशिक्षण चालले. प्रत्येक ठिकाणचे दोन कर्मचारी पुढाकार घेऊन इतरांना तयार करत. रहिवाशांशी आठवड्याला तासभर गप्पा, आवडीचे काम हाही त्याचाच भाग होता. २०१८मध्ये निष्कर्ष आले : अस्वस्थता घटली, जगणे सुधारले आणि खर्चही कमी झाला.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. महाराष्ट्रात वृद्धाश्रमाची नोंदणी करताना खाटांबरोबर प्रशिक्षित मावशीही मोजल्या जाव्यात, प्रशिक्षणाचे दिवस पगारी असावेत. सुरुवात रात्रपाळीपासून करावी. तेव्हा डॉक्टर हाताशी नसतो आणि एकट्या मावशींना अख्खा मजला सांभाळावा लागतो.