धुऱ्यापलीकडचा चेहरा

दीपावलीच्या मंगल पर्वात हा अंक वाचकांच्या हाती देताना आम्हांस प्रथम स्मरण होते ते फराळाच्या ताटाचे. रुमालाने झाकलेले ते ताट शेजारच्या घरी जाई आणि कधी रिकामे परतत नसे. परंतु ग्रामपंचायतीची एखादी चुरशीची निवडणूक गावावरून गेली, म्हणजे ज्या दोन घरांची भिंत एक आणि ज्या दोन शेतांचा धुरा एक, त्यांच्यामधले हे ताट बंद होते, वहिवाटीचा जुना कज्जा पुन्हा तहसील कचेरीची पायरी चढतो, आणि सख्खे शेजारी परस्परांस नावाने न ओळखता पॅनलवरून ओळखू लागतात.

आमच्या उमरखेडच्या मुलखाला सरहद्द नवी नाही. १९४८ पर्यंत पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचा अंमल होता; तरीही बाजारहाट आणि सोयरीक दोन्ही तीरांवर चालूच राहिली. दोन राजवटींस जे तोडता आले नाही, ते एका मतमोजणीने तुटावे, याचे आम्हांस मनस्वी दुःख होते.

चौकाचौकांतील फलकांवर आज चेहऱ्यांची वाण नाही. पण वर नेत्याची भव्य मुद्रा आणि खाली टपाल तिकिटाएवढे कार्यकर्ते, अशा त्या मांडणीत चेहरा ही केवळ गटाची निशाणी उरते. व्यक्तीचे खरे छायाचित्र याच्या अगदी उलट वाटेने जाते. ते माणसाला एकटे, स्थिर आणि निःशस्त्र असे आपल्या समोर बसविते, आणि पाहणारास त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहण्याची सवड देते.

२००७ साली जेआर हा छायाचित्रकार आणि मार्को हा त्याचा सहकारी, या दोघांनी इस्रायली व पॅलेस्टिनी माणसांची प्रचंड छायाचित्रे त्या दोन समाजांना विभागणाऱ्या भिंतीवर, दोन्ही अंगांनी, जोडीजोडीने डकवली. जोडी लावताना त्यांनी धर्म वा पक्ष न पाहता धंदा पाहिला: शिक्षकाशेजारी शिक्षक, टॅक्सीवाल्याशेजारी टॅक्सीवाला. यांतला इस्रायली कोणता आणि पॅलेस्टिनी कोणता, असे विचारता येणाऱ्या-जाणाऱ्यांना बहुधा सांगता येईना. त्या चित्रांनी भिंत पडली नाही, हे खरेच. चित्राकडून तेवढी अपेक्षाही नसावी. पण भिंतीपलीकडे चेहरा आहे, एवढे ज्याला एकदा दिसले, त्याला ते न दिसल्यासारखे करणे कठीण जाते.

याचा एक धडा आम्ही आमच्याच तालुक्यात, फार पूर्वी पाहिला होता. १९९३ साली निवडणूक आयोगाने छायाचित्रासह मतदार ओळखपत्राची योजना हाती घेतली, आणि पुढे गावोगाव शाळांच्या ओसरीवर छायाचित्रे काढली जाऊ लागली. पाठीमागे पांढरा पडदा हवा असे. म्हणून कोणाच्या घरची चादर आणून तिची दोन टोके रांगेतील दोघांनी धरायची, असा रिवाज पडला. विळा-भोपळ्याचे सख्य असलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाची पाळी आली, तेव्हा चादरीचे टोक नेमके दुसऱ्याच्या हाती होते. वाऱ्याने चादर फडफडू लागली, तशी त्याने ती दोन्ही हातांनी ताणून धरली आणि म्हणाला, “मान थोडी वर कर, भाऊ.” मताची चिठ्ठी दोघांची निराळीच पडली असणार, परंतु ज्या पत्रावर ते मत अवलंबून, त्याच्या मागची पांढरी भूमी वैऱ्याच्या हातांनी पेलली होती.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून वाचकांस आमची अंतःकरणपूर्वक विनंती एवढीच, की यंदा पाडव्याच्या सकाळी ज्या घरी ताट जाणे थांबले आहे, तेथे ते घेऊन जावे. त्या घरच्या वडीलधाऱ्यांस उजेडात बसवून, त्यांची अनुमती घेऊन, त्यांचे एक छायाचित्र सावकाश काढावे, आणि कागदावर छापून त्यांच्या हाती द्यावे. मग त्यांनीही आपले काढावे. पक्ष ज्याचा त्याला लखलाभ असो. चादरीचे टोक मात्र आपण धरू.