जिन, जीन आणि जिन्न

चाकूरसारख्या बाजाराच्या गावी एकाच नावाचे दोन शेतकरी असले, तर मुनीम खतावणीत नावापुढे वडिलांचे नाव आणि गाव लिहितो. नाव जुळले म्हणून एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडली जात नाही. शब्दांच्या बाबतीतही हीच सावधगिरी लागते. उच्चार सारखा असला, तरी कूळ एक असेलच असे नाही.

जैन कुटुंबांना सर्वांत जवळचा शब्द ‘जिन’. त्याच्यासारखे ऐकू येणारे शब्द मराठवाड्यात पुष्कळ आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत घोड्यावर चढविले जाणारे ‘जीन’ हे फारसी ‘झीन’, म्हणजे खोगीर. गोष्टीतला ‘जिन्न’ अरबी असून त्याच्या धातूचा अर्थ झाकलेले, दृष्टीआड असणे. कापसातील सरकी वेगळी करणारे ‘जीन’ हे इंग्रजी ‘एंजिन’चे तोकडे रूप. कापड दुकानातील ‘जीन’ला इटलीतील जिनोआ बंदराचे नाव मिळाले. ‘जिन’ नावाचे मद्य डच ‘येनेव्हर’वरून आले, त्याचे मूळ एका झुडपाच्या लॅटिन नावात आहे.

उलट, कानाला परके वाटणारे काही शब्द खरे भाऊबंद निघतात. ‘एंजिन’च्या मुळाशी लॅटिन ‘इंगेनियम’ आहे. अर्थ, उपजत बुद्धी. त्यातील ‘गेन्’ हा जन्मवाचक अंश आणि संस्कृत ‘जन्’ धातू एकाच प्राचीन मूळाचे. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी 1909 साली आनुवंशिकतेच्या घटकासाठी योजलेला ‘जीन’ हा शब्दही ग्रीक भाषेतील याच कुळातला. म्हणून मराठीने त्याला दिलेले ‘जनुक’ हे नाव ध्वनीने आणि कुळानेही जुळते.

‘जिन’ मात्र या साऱ्यांहून निराळा. तो ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूपासून झाला. जय, विजय, जेता ही त्याची सख्खी भावंडे. ज्याने राग-द्वेष जिंकले तो जिन. शिवावरून शैव, विष्णूवरून वैष्णव, तसा जिनावरून जैन. ‘जन्’पासून आलेल्या शब्दांत जन्माचा संबंध आहे, ‘जि’पासून आलेल्यांत पुरुषार्थाचा.

नाव आणि अर्थ यांतील अंतर जैन आचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. एखाद्याचे नुसते नाव ‘जिन’ असेल, तर तो नामजिन. मूर्तीत जिनाची स्थापना केली, तर तो स्थापनाजिन. पुढे जिन होणारा जीव द्रव्यजिन. प्रत्यक्ष विकार जिंकलेला तो भावजिन. शब्द एकच, पण प्रत्येक वेळी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे ठरविल्याशिवाय बोलणे पुरे होत नाही.

हीच कसोटी ‘जैन’ या शब्दालाही लावता येते. दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर किंवा लग्नपत्रिकेवर लिहिलेला ‘जैन’ हा नामनिक्षेप आहे. तो वारशाने मिळतो आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच. परंतु वजनात काटा सरळ ठेवणे, अडलेल्या माणसाकडून अवाजवी व्याज न घेणे, तोंडावर आलेला कठोर शब्द आवरणे, ही कमाई ज्याची त्याने करावयाची असते.

सकाळी दुकान उघडताना एकमेकांना ‘जय जिनेंद्र’ म्हणताना त्या दोन शब्दांत ‘जि’ हा धातू दोनदा उच्चारला जातो. मुलांना नमस्कार शिकविताना एवढा अर्थही सांगावा.