खुशाली कळण्याचा हक्क

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून रायगड जिल्ह्यात शिरले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत आणि शेजारच्या मंडणगड-दापोलीत काही तासांत जो विध्वंस केला, त्याची वर्णने त्या वेळी पुष्कळ छापून आली. पडलेल्या पोफळी मोजल्या गेल्या, उडालेल्या कौलांचे पंचनामे झाले. परंतु त्या वादळाचा एक भाग कोणत्याही पंचनाम्यात नोंदला गेला नाही. वारा थांबल्यानंतर अनेक गावांवर पसरलेली आणि दिवसेंदिवस टिकून राहिलेली नि:शब्दता हा तो भाग होय.

वाऱ्याचा जोर असेतोवर माणसाला फार विचार करण्याची सवड नसते. गुरांची दावी सोडून द्यावी, म्हाताऱ्या माणसांना माजघरात आणून बसवावे, दारांना आतून अडसर घालून ती अंगाने दाबून धरावीत, आणि डोक्यावरची कौले एकामागून एक उडत असताना भिंत टिकेल की नाही याकडे कान लावून बसावे, एवढेच त्याच्या हाती असते. ज्यांच्या भिंती कच्च्या होत्या त्यांना आधीच शाळांत हलविण्यात आले होते. त्यांच्यापुढे वादळाचे भय आणि गर्दीत साथ लागण्याचे भय असा दुहेरी पेच होता. संध्याकाळी बाहेर येऊन लोकांनी पाहिले तो वाड्या आडव्या झालेल्या, रस्त्यांवर झाडे, विजेचे खांब वाकलेले, आणि हातातला मोबाईल मुका. आपण जगलो हे त्यांना कळले होते. ते कोणाला कळविण्याचा मार्ग मात्र उरला नव्हता.

त्याच वेळी लालबाग-परळच्या चाळींत, विरार-नालासोपाऱ्याच्या खोल्यांत हजारो चाकरमानी तेच ते क्रमांक पुन:पुन्हा फिरवीत होते. सकाळी बोलणे झाले होते. ‘वारा वाढतो आहे’ एवढे शब्द ऐकू येऊन ते तुटले होते. एरवी असा माणूस मिळेल त्या एस.टी.ने रातोरात गावी पोचला असता. परंतु तो टाळेबंदीचा काळ होता. लोकल गाड्या बंद, एस.टी. बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास परवाना आवश्यक. दोनशे किलोमीटरांच्या आतले आईबाप परदेशी असल्यासारखे दूर गेले. मग तालुक्याच्या ठिकाणी कोणाचा फोन लागतो याचा शोध सुरू झाला. कोणी दुचाकीवरून, कोणी पडलेली झाडे ओलांडत पायी वाडीवाडीत गेले, दहा घरांची खुशाली गोळा केली, आणि जेथे संपर्क मिळेल अशा टेकाडावर जाऊन ती मुंबईला कळविली. हे कार्य कोणत्याही आदेशावाचून, निव्वळ शेजारधर्माने झाले. त्याबद्दल त्या माणसांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. पण शेजारधर्माने जे भागले ते शासनाचे कर्तव्य नव्हते असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

खुशाली ही केवळ भावनेची बाब आहे, असा एक समज प्रशासनात रूढ असावा. प्रथम प्राण, मग रस्ते, मग पाणी, मग वीज, आणि उरल्या वेळात फोन, असा क्रम त्यातून लागतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हा समज चुकीचा आहे. कोकणातील कुटुंब दोन ठिकाणी राहते, पण ते एकच कुटुंब असते. मनीऑर्डरीच्या काळापासून त्याचा पैसा मुंबईत मिळविला जातो आणि घर, वाडी, म्हातारी माणसे गावी सांभाळली जातात. मोडलेल्या छपरासाठी पत्रे कोठून आणावयाचे, पडलेल्या नारळी-पोफळी कोणाकडून तोडून घ्यावयाच्या, आजाऱ्याला कोठे न्यावयाचे, हे निर्णय दोन्ही टोकांनी मिळून व्हावयाचे असतात. सातबारावर चुलत्या-पुतण्यांची नावे सामाईक असतात. नुकसानभरपाई घ्यावयाची तरी मुंबईच्या भावाची संमती लागते. ही भरपाई तरी किती? शासनाने बागांसाठी मदतीचा दर वाढवून हेक्टरी पन्नास हजार रुपये केला. आकडा मोठा दिसतो. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते, आणि गुंठ्याला हा हिशेब सुमारे पाचशे रुपये पडतो. जी झाडे पुन्हा फळावर येण्यास अनेक वर्षे जातात त्यांची ही किंमत! उरलेला सारा भार कुटुंबाने आपापसांत वाटून उचलावयाचा असतो. ज्या कुटुंबावर शासन एवढा भार टाकते, त्याच्या दोन टोकांमधील संवादच तुटलेला राहू देणे हे त्याचे हात बांधून त्याला ओझे उचलावयास सांगण्यासारखे आहे.

या देशाने वादळांच्या बाबतीत काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रच्या दिवी भागात समुद्राची लाट आत शिरली आणि सुमारे दहा हजार माणसे बुडाली. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओरिसात तेवढाच संहार झाला. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, वेधशाळेचे अंदाज अचूक होत गेले. २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी तेथे दहा लाखांच्या आसपास आणि २०१९ च्या ‘फनी’च्या वेळी त्याहूनही अधिक लोक हलविण्यात आले, आणि दोन्ही वेळा तेथील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ‘निसर्ग’मध्येही जीवितहानी थोडी झाली ती याच सुधारणेमुळे. सार्वजनिक यंत्रणेने, सार्वजनिक पैशाने, नफ्याचा विचार न करता साधलेले हे यश आहे.

परंतु या यंत्रणेतील वार्ता एकाच दिशेने वाहते: वरून खाली. वादळ येत आहे हे शासन नागरिकास सांगते. वादळ गेल्यावर नागरिकास शासनाला किंवा आपल्या माणसाला काही सांगावयाचे असेल तर त्याची तरतूद नाही. मोबाईलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की काही तास बॅटरीवर, पुढे डिझेलवर. रस्ता बंद झाला की डिझेलही नाही. पूर्वीच्या टेलिफोन केंद्राची बॅटरी घरची वीज गेली तरी तारेवाटे फोन चालू ठेवीत असे. तारखाते तर २०१३ साली बंदच झाले. जुने सारे चांगले होते असा याचा अर्थ नव्हे. त्या खात्यांची दिरंगाई लोक विसरलेले नाहीत. अर्थ इतकाच की, दूरच्या खेड्यालाही सेवा दिलीच पाहिजे हे बंधन त्या व्यवस्थेत होते. जेथे ग्राहक दाट तेथे प्रथम दुरुस्ती, हा बाजाराचा नियम आहे, आणि या नियमात डोंगरापलीकडची वाडी नेहमी शेवटची येते.

खुशालीच्या बाबतीत माणसामाणसांत किती अंतर पडते याचा दारुण अनुभव पुढल्याच वर्षी आला. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने पराकाष्ठा करून बहुतेकांना वाचविले, तरी सत्तरांहून अधिक दगावली. हे बहुतांश कंत्राटी कामगार होते, दूरदूरच्या प्रांतांतून आलेले. त्यांच्या आप्तांपैकी कित्येकांना आपला माणूस जिवंतांच्या यादीत आहे की नाही हे कळण्यासाठी दिवस मोजावे लागले. काही मृतांची ओळख पटविण्यास डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. ज्याला कामावर घेताना त्याच्या घरचा पत्ता हाताशी ठेवण्याची गरज कोणास वाटत नाही, त्याच्या मृत्यूची वार्ताही अशीच ठेचकाळत घरी पोचते.

करावयाचे ते अवघड नाही. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीत विजेवाचून चालणारा बिनतारी संच आणि तो चालविणारी दोन प्रशिक्षित माणसे असावीत. निवाऱ्यात आलेल्यांची नावे लिहून घेऊन ती जिल्ह्याच्या केंद्राकडे जावीत आणि बाहेरगावच्या आप्तांना एका क्रमांकावर विचारता यावीत. एका कंपनीचा मनोरा पडला तर दुसरीच्या मनोऱ्यावरून बोलता येण्याची सोय अलीकडील वादळांत सुरू करण्यात आली आहे. ती कृपा म्हणून नव्हे, परवान्याची अट म्हणून कायम असावी. विजेच्या तारा किनाऱ्यालगत जमिनीखालून न्याव्यात. समुद्रावरील कामावर जाणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या आप्ताचे नाव व पत्ता मालकाने शासनाकडे देणे सक्तीचे असावे.

हे खर्चिक आहे, अशी तक्रार होईल. परंतु खर्च आजही होतोच आहे. तो फक्त शासनाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. चार दिवसांची बुडालेली मजुरी, चौपट भाड्याने केलेली गाडी, वेळेवर न पोचलेले औषध आणि न झोपलेल्या रात्री यांच्या रूपाने तो गरिबाच्या घरात भरला जातो.

अरबी समुद्रात वादळे पूर्वीपेक्षा अधिक उठू लागली आहेत, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. वारा अडविणे कोणाच्या हाती नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनच्या म्हातारीला ‘आम्ही सुखरूप आहोत’ हे तीन शब्द परळच्या मुलापर्यंत पोचविता यावेत, एवढे निश्चितच समाजाच्या हाती आहे. ते शब्द पोचेपर्यंत वादळ संपले असे शासनाने जाहीर करू नये.