चळवळीच्या अभ्यासवर्गात वीज, चुंबक आणि तरंग हवेत

आपल्या अभ्यासवर्गांचे विषय आता सर्वांना पाठ आहेत. संविधान, आरक्षण, अॅट्रॉसिटी कायदा, जातिअंत, धम्म, बावीस प्रतिज्ञा. हे विषय हवेतच, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या यादीत विज्ञान येते ते 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या दोन शब्दांपुरते. दृष्टिकोन सगळ्यांना हवा आहे, विज्ञान मात्र कुणी शिकवत नाही. ओहमचा नियम, चुंबकीय क्षेत्र, ध्वनीची तीव्रता हे सगळे दहावीचा पेपर संपला की माळ्यावर टाकायचे सामान समजले जाते. आमचे म्हणणे असे आहे की नाशिकच्या आंबेडकरी तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी हे सामान खाली काढावे, त्याची उजळणी करावी आणि वस्तीतल्या अभ्यासवर्गात ते शिकवावे. हा छंदाचा विषय नाही. यात आपला रोजगार आहे, आपला जीव आहे आणि आपला विचारही आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. बाबासाहेब म्हटले की घटनाकार, कायदेपंडित, अर्थतज्ज्ञ ही ओळख पुढे येते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि वीज हा विषय त्यांच्या खात्यात होता, हे किती जणांना माहीत आहे? २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीसमोर त्यांनी भाषण केले. देशाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून बाहेर काढायचे तर औद्योगिकीकरण हवे, आणि औद्योगिकीकरणाला स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी त्यांची सरळ मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळातल्या धोरणातून.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात शिष्यवृत्त्या मागितल्या त्या विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. देशातल्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी त्यात होती. म्हणजे ज्यांनी स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा यांत जगातल्या मोठ्या पदव्या घेतल्या, त्यांनीच समाजासाठी प्रयोगशाळा आणि कारखाना मागितला. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेही कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखा घेऊन. मग चळवळीने विज्ञानाची बाजू कोचिंग क्लासवाल्यांच्या हाती का सोडून द्यावी?

आता नाशिककडे पाहू. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथे काय घडते ते दहावीच्या पुस्तकात आहे. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनला जोडलेले विद्युतचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांच्या आत फिरते. वेटोळ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र सतत बदलते, म्हणून तारेत विद्युतधारा निर्माण होते. हा फिरता भाग मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असते ती यामुळेच. ती वीज उच्च दाबाने का वाहून नेतात? कारण तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दहापट केला की तेवढीच शक्ती एक दशांश धारेत वाहून नेता येते आणि तारेतला तोटा शंभराव्या भागावर येतो. दाब वाढवणारा आणि कमी करणारा ट्रान्सफॉर्मरही त्याच बदलत्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर बनवणारे कारखाने आहेत. आपली मुले तिथे कामाला जातात, बहुतेक वेळा कंत्राटावर. आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडतात. हात कुशल असतात. पण वेटोळे गुंडाळणारा आणि त्या वेटोळ्याचे गणित मांडणारा हे दोघे वेगळ्या पगाराचे, वेगळ्या खुर्चीचे आणि फार वेळा वेगळ्या जातीचे असतात. हात एकाचे आणि डोके दुसऱ्याचे, ही वाटणी या देशात नवी नाही. वर्णव्यवस्थेने तीच केली होती. उजळणी म्हणजे या वाटणीला नकार देणे. आयटीआयच्या मुलाला डिप्लोमाच्या परीक्षेपर्यंत आणि डिप्लोमावाल्याला पदवीपर्यंत नेणारी पायरी याच पाच-सहा प्रकरणांची आहे.

तिसरा मुद्दा जिवाचा. पत्र्याच्या घरात, ओल्या भिंतीत, उघड्या जोडण्यांवर राहणारी माणसे कोण आहेत हे सांगायला नको. 'फ्यूज आहे ना, मग भीती नाही' हे वाक्य वस्तीवस्तीत ऐकू येते, आणि ते घातक आहे. हिशेब करा. कोरड्या त्वचेचा विद्युतरोध हजारो ओहम असतो, परंतु अंग ओले असेल तर शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला हजार ओहमने भागले की ०.२३ अँपिअर. हृदयाची लय बिघडायला ०.१ अँपिअर, कधी त्याहून कमीही पुरते. पाच अँपिअरचा फ्यूज एवढ्याशा धारेने वितळणारच नाही. फ्यूज तार जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवते ते योग्य अर्थिंग आणि आरसीसीबी. या छोट्या उपकरणात एका लोखंडी कड्यातून जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही तारा ओवलेल्या असतात. दोन्हींतली धारा सारखी असेल तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. अंगातून जमिनीत ०.०३ अँपिअर जरी गळती झाली तरी समतोल बिघडतो, कड्यावरच्या वेटोळ्यात धारा निर्माण होते आणि क्षणात स्विच पडतो. ओहम आणि फॅरडे वस्तीत पोहोचले तर अशी माणसे वाचतील. समाजमंदिरासाठी वर्गणी काढताना पहिला खर्च अर्थिंग आणि आरसीसीबीचा असावा, ही मागणी आपण करू शकतो. पण ती का करायची हे समजले असेल तरच.

चौथा मुद्दा काहींना टोचेल, तरी बोलणे भाग आहे. जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती. डेसिबल हे माप साध्या पट्टीसारखे नसते. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शंभर डेसिबल म्हणजे त्याच्या दुप्पट आवाज असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती तीव्रता तीस हजार पटींहून अधिक होते. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतील निओश या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते, आणि पुढच्या दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. मिरवणूक किती तास चालते? कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ५० हर्ट्झच्या आसपासच्या ढोलकट आवाजाची तरंगलांबी जवळपास सात मीटर असते. अशा लांब तरंगांना गल्लीतले कोपरे आणि भिंती अडवू शकत नाहीत, म्हणून दार लावून बसलेल्या बाळंतिणीच्या घरातही तो आवाज शिरतो.

यावर उत्तर येते, 'इतरांच्या मिरवणुकीत डीजे चालतो, मग आमच्याच जयंतीला नियम का?' नियम लावताना भेदभाव होत असेल तर त्याविरुद्ध आपण उभे राहिलेच पाहिजे. पण तो प्रश्न प्रशासनाला विचारायचा आहे. कानातल्या पेशींना मिरवणूक कुणाची आहे हे कळत नाही. स्पीकरच्या गाडीला चिकटून नाचणारी मुले आपली असतात, बहिरेपणही त्यांच्याच वाट्याला येते.

पाचवा मुद्दा विचाराचा. विज्ञानाचे शब्द चोरून अंधश्रद्धा विकण्याचा धंदा जोरात आहे. चुंबकाचे कडे, चुंबकाची गादी, घरातली 'नकारात्मक ऊर्जा', मंत्रांची 'स्पंदने', दिशांच्या 'लहरी'. कुंभमेळ्याच्या शहरात या मालाला गिऱ्हाईक कमी नाही, आणि आपल्या वस्त्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. केवळ 'हे थोतांड आहे' म्हटल्याने माणूस ऐकत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते. रक्तात लोह आहे म्हणून चुंबक रक्त ओढतो असे सांगितले जाते. रक्तातले लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते, ते खिळ्यासारखे चुंबकाकडे धावत नाही. एमआरआय यंत्राचे क्षेत्र दीड टेस्ला असते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. त्यात झोपलेल्या माणसाचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही, तर मनगटावरचे कडे काय करणार? आणि 'लहरी' म्हणणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत. वारंवारिता किती हर्ट्झ? तरंगलांबी किती मीटर? शंभर मेगाहर्ट्झच्या एफएमची तरंगलांबी तीन मीटर असते, हे आठवीतली मुलगीही भागाकार करून सांगेल. ज्याला मोजता येत नाही आणि कोणत्याही यंत्राने पकडता येत नाही, त्याला तरंग म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. ऐकीव गोष्ट स्वतः तपासून मगच स्वीकारा, ही तथागतांची शिकवण आहे. तपासायची साधने हातात नसतील तर ती शिकवण फलकावरच राहील.

आणि नेमक्या याच वेळी साधने कमी केली जात आहेत. अभ्यासाचे ओझे हलके करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून विद्युतमोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र हा भाग काढला. उत्क्रांतीचे प्रकरण गेले तेव्हा बरीच चर्चा झाली, मायकेल फॅरडे गेला त्याची फारशी झाली नाही. कोण होता हा फॅरडे? लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. सर हम्फ्री डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला तेव्हा डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले. त्याच माणसाने २९ ऑगस्ट १८३१ रोजी चुंबकापासून वीज निर्माण होते हे दाखवले. इंग्लंडमधला वर्ग आणि आपल्याकडची जात एक नव्हे. फॅरडेला कुणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते. तरीही वस्तीतल्या मुलाला 'हे आपले काम नाही' असे वाटते, त्याला सांगायला याहून चांगली गोष्ट नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणात हा सगळा भाग आहे. तो टिकवणे हीसुद्धा चळवळीची मागणी असली पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचार होत आहेत, जागा भरल्या जात नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात, अशा वेळी तरंग आणि चुंबक कुठे घेऊन बसलात? हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु मोर्चा आणि अभ्यास यांत निवड करायला बाबासाहेबांनी कधी सांगितले नाही. २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मागणी समान हक्काची होती. दार कुठलेही असो, ते ठरावीक लोकांसाठीच उघडते हे अमान्य करण्याचा तो लढा होता. आज प्रयोगशाळेच्या दारावर पाटी नाही, पहारा नाही. तिथे अडवते ते शुल्क, इंग्रजीची भीती आणि 'फिजिक्स कठीण असते' ही पसरवलेली अफवा. पहिल्या दोन गोष्टींसाठी सरकारशी भांडावे लागेल. तिसरी आपण या महिन्यात मोडू शकतो.

त्यासाठी फार काही लागत नाही. आठवी ते दहावीची बालभारतीची पुस्तके, एक मल्टिमीटर, तांब्याची तार, दोन चुंबक, एक होकायंत्र आणि बॅटरीचे सेल. वस्तीतला आयटीआयचा मुलगा शिकवेल, महाविद्यालयातली मुलगी गणित सोडवून घेईल. रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास. पहिल्या रविवारी प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे आणि एक युनिट म्हणजे काय ते समजून घ्यावे: दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. ज्याला आपले बिल वाचता येते त्याला मीटरबद्दल, दरवाढीबद्दल, खासगीकरणाबद्दल अधिकाऱ्यासमोर आकड्यांनिशी बोलता येते. दुसऱ्या रविवारी समाजमंदिराचे अर्थिंग तपासा. तिसऱ्या रविवारी खिळ्यावर तार गुंडाळून विद्युतचुंबक करा, आणि ते पोरींच्या हातून करून घ्या.

येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेची एक भिंत कमी करून हे साहित्य घ्यावे, असा प्रस्ताव आम्ही प्रत्येक मंडळापुढे ठेवत आहोत. विरोध करायचा असेल त्यांनी जरूर करावा, पण डेसिबलचा हिशेब मांडून करावा.

जय भीम!