अग्निबाणाचे सामायिक आवार

जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. सार्वजनिक विहिरीची दुर्दशा पाहिली म्हणजे ती खरीही वाटू लागते. परंतु ती खोटी ठरविणारे एक ठिकाण आपल्याच देशात आहे. त्याची हकीकत विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावी.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा हे कोळ्यांचे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जाते, व त्यालगत आकाशात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. फुगे तेथवर पोहोचत नाहीत आणि उपग्रह त्याहून पुष्कळ वर फिरतात. म्हणून त्या थराच्या तपासणीस लहान अग्निबाण हेच साधन उरते. डॉ. विक्रम साराभाई यांनी हे हेरले. जागेच्या निवडीत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता, ही गोष्ट मराठी मुलांस भूषणावह आहे.

त्या जागेवर कोळ्यांची घरे व सेंट मेरी मॅग्डलीन हे त्यांचे उपासनामंदिर होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी हा प्रश्न मंडळीपुढे मांडला आणि मंडळीने संमती दिली. मंदिराच्या वास्तूत कचेरी थाटली गेली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला बाण सुटला. बाण अमेरिकेचा, त्यातील सोडियमच्या वाफेचे साहित्य फ्रान्सचे. रशियानेही साहाय्य दिले. एकमेकांकडे संशयाने पाहणारी ही राष्ट्रे एका कोळीवाड्यात मात्र सहकारी झाली! २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधी यांनी ते स्थान संयुक्त राष्ट्रसंघास अर्पण केले.

हाच धडा पुढे श्रीहरिकोटा येथेही गिरविला गेला. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी 'स्कायरूट' या नवख्या कंपनीचा 'विक्रम-एस' हा लहान बाण तेथील सरकारी आवारातून उडाला. स्वतःचे आवार उभारण्याइतके धन तरुणांपाशी कोठून असणार? सामायिक जागा मिळाली म्हणूनच त्यांच्या बुद्धीस वाव मिळाला.

परंतु सामायिक जागा आकाशातून पडत नाही. कोणीतरी आपली जमीन सोडतो तेव्हा ती निर्माण होते. हे शहाद्यास निराळे सांगावयास नको. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, अशी कित्येक कुटुंबे आपल्या तालुक्यात येऊन वसली आहेत. ज्याने दिले त्याच्या मुलास त्या आवाराचे दार उघडे नसेल, तर 'सामायिक' हा शब्द पोकळ होय.

म्हणून माझी सूचना अशी की, तालुक्यातील सर्व शाळांनी व आश्रमशाळांनी मिळून एक मोकळे मैदान ठरवावे. दारूचे बाण तेथे मुळीच नकोत. बाटलीचा तिसरा हिस्सा पाण्याने भरून सायकलच्या पंपाने हवा कोंडली, की पाण्याचा बाण उडतो व न्यूटनचा तिसरा नियम डोळ्यांदेखत सिद्ध होतो. शिक्षक हजर असावेत, प्रेक्षक दूर उभे राहावेत, आणि ज्या शाळेपाशी पंप नाही तिला दुसरीने आपला द्यावा. खर्च थोडा आहे. लागते ती केवळ वाटून घेण्याची वृत्ती. थुंब्याच्या कोळ्यांपाशी ती होती. आपल्यापाशी ती आहे काय?